मर्यादा पृथ्वीच्याही असतात

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या समारंभात केलेले भाषण)



वर्धापनदिनाच्या भाषणात मंडळाच्या कार्याचा गौरव करावा, चार उपदेशाच्या गोष्टी सांगाव्यात आणि चहा निवण्यापूर्वी आटोपते घ्यावे, असा रिवाज आहे. गौरव अहवालात आलाच आहे, आणि चहाची वेळही मी चुकवणार नाही. मधल्या वेळात मात्र उपदेशाऐवजी मी एक हिशेब मांडणार आहे. तो हिशेब आहे पृथ्वीच्या मर्यादांचा.

'मर्यादा' हा शब्द आपल्याला नवा नाही. मुलीने मोठ्याने हसू नये, सुनेने उंबरठ्याच्या आत राहावे, बाईने पायरी ओळखून बोलावे, हे सारे याच एका शब्दाखाली आपल्याला शिकवले गेले. त्यांतल्या कित्येक मर्यादा माणसांनी स्वतःच्या सोयीसाठी घातलेल्या होत्या. त्या ओलांडल्या म्हणून आभाळ कोसळले नाही. उलट आपल्यासारखी मंडळे निघाली. पण जगात दुसऱ्याही मर्यादा आहेत, ज्या कोणा माणसाने घातलेल्या नाहीत. विहिरीला झरा किती आहे, समुद्र किती उष्णता पोटात घेतो, माती किती खत पचवते, या त्या मर्यादा होत. या मर्यादा कोणत्या, त्या एकमेकींत कशा गुंतल्या आहेत, आणि त्या पाळायच्या कोणी, एवढेच मला आज सांगायचे आहे.

आधी गुंतागुंत पाहू. १९७२ चा दुष्काळ आपल्यातील वडीलधाऱ्या भगिनींना आठवत असेल. ज्यांना आठवत नाही त्यांनी तो आईच्या किंवा सासूबाईंच्या तोंडून ऐकला असेल. पाऊस सलग कमी होत गेला आणि १९७२ साली त्याने पुरतीच पाठ फिरवली. दुष्काळी कामांवर बायका मोठ्या संख्येने खडी फोडायला बसल्या. पोटाला सुकडी आणि परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी. हा झाला आपल्या घरचा इतिहास. आता त्याच वर्षी पृथ्वीच्या दुसऱ्या अंगाला काय चालले होते ते पाहा. दक्षिण अमेरिकेतील पेरू देशाचा किनारा एरवी थंड पाण्याचा. खालून वर येणाऱ्या त्या थंड पाण्याबरोबर खाद्य येते आणि त्यावर अँकोव्ही नावाची बारकी मासळी वाढते. १९७० च्या सुमारास ही मासेमारी जगात सर्वांत मोठी होती. १९७२ साली तिथला समुद्र तापला आणि थंड पाणी वर येणे मंदावले. मासळीची लूट त्याआधी वर्षानुवर्षे चाललेलीच होती. तिच्यात ही भर पडली आणि मासेमारी कोसळली.

पेरूचा कोळी आणि मराठवाड्यातील शेतकरीण यांची गाठ कधी पडली नाही. पण एकाच घटनेची झळ दोघांना लागली. समुद्राच्या या तापण्याला तिथले कोळी 'एल निनो' म्हणजे 'बाळ' म्हणत, कारण ते नाताळच्या सुमारास, बाळ येशूच्या जन्मकाळी जाणवे. प्रशांत महासागराचा तो भाग तापला की हवेचे वर चढण्याचे ठिकाण पूर्वेकडे सरकते, आपल्या बाजूची हवा खाली दबते, आणि दबलेल्या हवेत ढगांना जोर येत नाही. याचा पहिला माग लागला तो हिंदुस्थानातच. सर गिल्बर्ट वॉकर हे १९०४ ते १९२४ या काळात आपल्या हवामान खात्याचे प्रमुख होते. मोसमी पावसाचे भाकीत करता यावे म्हणून त्यांनी जगभरच्या ठाण्यांवरील हवेच्या दाबाचे आकडे मांडले. तेव्हा दिसले की प्रशांत महासागरावरील आणि हिंदी महासागरावरील दाब तराजूच्या पारड्यांप्रमाणे वरखाली होतात. एक चढले की दुसरे उतरते. एल निनो आला की दुष्काळ पडतोच असे मात्र नाही. १९९७ साली तो फार जोराचा होता, तरी देशभराचा पाऊस साधारण सरासरीइतका झाला. निसर्गाचे धागे अनेक असतात. एक ओढला की बाकीचे किती ताणले जातील ते दरवेळी सांगता येत नाही. पण ते ताणले जातात, हे खरे.

दुसरा दाखला आफ्रिकेतला. चाड देशात सहारा वाळवंटाच्या कडेला बोडेले नावाचा सखल प्रदेश आहे. फार पूर्वी तिथे एक विशाल सरोवर होते. ते आटले आणि त्याच्या तळाची बारीक माती उघडी पडली. वारा ती उचलतो आणि सहारातील इतर धुळीबरोबर अटलांटिक महासागर ओलांडून अमेझॉनच्या अरण्यावर टाकतो. त्या धुळीत स्फुरद असते. आपण शेतात जे स्फुरद पोत्याने विकत आणतो तेच. उपग्रहाच्या निरीक्षणांवरून २०१५ साली काढलेला अंदाज असा की, या मार्गाने अमेझॉनला वर्षाला सुमारे २२ हजार टन स्फुरद मिळते. आणि पावसापुराने तिथून वाहून जाणारे स्फुरदही जवळपास तेवढेच आहे. एका खंडातील ओसाड जागा दुसऱ्या खंडातील हिरव्या रानाला खत पुरवते! पृथ्वीच्या घरात वाया गेले म्हणून काही नसते, याचा याहून चांगला नमुना मला ठाऊक नाही.

आता मर्यादा म्हणजे काय ते पाहू. पुष्कळांना वाटते की मर्यादा म्हणजे डब्याचा तळ; तळ दिसेपर्यंत उपसायला हरकत नाही. गृहिणी असा संसार करत नाही. ती डब्यात किती आहे याबरोबर महिन्याला किती येते हेही पाहते. विहिरीचेही तसेच आहे. रात्रीतून जेवढे पाझरते तेवढेच दिवसा उपसले तर विहीर नातवंडांनाही पुरते. त्याहून जास्त उपसू लागलो तर पहिली काही वर्षे काहीच कळत नाही, आणि एका उन्हाळ्यात दोराला दोर जोडूनही बादली कोरडी येते.

दुसरी गोष्ट म्हणजे, मर्यादा ओलांडल्याचा परिणाम मोजूनमापून, सावकाश येईल असा भरवसा नसतो. दूध तापत असताना आपण पाहतो. बराच वेळ ते शांत असते. मग कडेने बुडबुडे येतात, आणि आपण पाठ फिरवली की पुढच्या दोन क्षणांत शेगडी विझते. आच तेवढीच असते, पण तेवढ्याच आचेवर एक वेळ अशी येते की दूध हाताबाहेर जाते. सागरप्रवाह, बर्फाचे थर, अरण्ये यांच्या बाबतीतही असे टप्पे असावेत, असे शास्त्रज्ञ सांगतात. म्हणून शहाणपण उतू जाण्याच्या रेषेवर उभे राहण्यात नाही. त्या रेषेच्या पुष्कळ अलीकडे आच कमी करण्यात आहे.

२००९ साली योहान रॉकस्ट्रॉम या स्वीडिश शास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी नेमक्या याच विचाराने पृथ्वीसाठी नऊ मर्यादा मांडल्या. हवामान, सजीवसृष्टीची विविधता, जंगले व जमिनीचा वापर, गोडे पाणी, नत्र आणि स्फुरद यांचा फेरा, समुद्राची आम्लता, हवेतील धूलिकण व काजळी, वातावरणाच्या वरच्या थरातला ओझोन, आणि नववी, माणसाने नव्याने निर्माण करून मोकळी सोडलेली रसायने व प्लॅस्टिके. २०२३ साली सगळ्या नऊ मर्यादांची मोजदाद झाली तेव्हा सहा ओलांडलेल्या आढळल्या. २०२५ साली समुद्राच्या आम्लतेची मर्यादाही ओलांडली गेल्याचे जाहीर झाले, म्हणजे सात झाल्या. जगाचा एकत्र विचार केला तर शिल्लक राहिल्या दोन : धूलिकण आणि ओझोन.

या नऊ मर्यादा नवरात्रातल्या नऊ माळांसारख्या एकेक वेगळ्या वाढवायच्या नव्हेत. त्या एका विणीतले टाके आहेत. कोळसा आणि तेल जाळून आपण हवेत कार्बन डायऑक्साइड सोडतो. कारखानदारी सुरू होण्यापूर्वी हवेच्या १० लाख भागांत तो सुमारे २८० भाग होता. सुरक्षित मर्यादा ३५० ची धरली आहे, आणि आज तो ४२० च्याही वर आहे. यापुढे हवा तापेल, एवढे आपण ऐकून असतो. पण आपण सोडलेल्या या वायूचा साधारण चौथा हिस्सा समुद्र शोषून घेतो, आणि वाढलेल्या उष्णतेचा ९० टक्क्यांहून अधिक भागही समुद्रच पोटात घेतो. मोठ्या घरातल्या थोरल्या सुनेसारखे त्याचे झाले आहे. सगळ्यांचे तो सोसतो म्हणून घर शांत दिसते. पण त्या वायूने पाणी अधिक आम्ल होते. कारखानदारीपूर्वीच्या मानाने ही आम्लता सुमारे ३० टक्क्यांनी वाढली आहे, आणि अशा पाण्यात शिंपल्यांना व प्रवाळांना आपले कवच बांधणे जड जाते. हवेची मर्यादा मोडली ती कारखान्याच्या धुराड्याशी, आणि भोगणारा जीव समुद्राच्या तळाशी!

नत्राचीही तीच कथा. हवेतील नत्र पकडून अमोनिया बनवण्याची युक्ती जर्मनीत फ्रिट्झ हाबर यांनी शोधली, आणि १९१३ साली तिचा पहिला मोठा कारखाना सुरू झाला. आज जगातील जवळजवळ निम्म्या लोकांचे अन्न या खतावर उभे आहे, तेव्हा त्याला नावे ठेवण्याचा कृतघ्नपणा मी करणार नाही. परंतु शेतात टाकलेल्या नत्रापैकी साधारण निम्मेच पिकाच्या पोटी जाते. बाकीचे ओढ्यानाल्यांतून नदीत आणि नदीतून समुद्रात पोचते. तिथे शेवाळ माजते. ते मरून कुजते, आणि कुजताना पाण्यातला प्राणवायू संपवते. अमेरिकेत मिसिसिपी नदीच्या मुखापाशी २०१७ साली असा जवळजवळ २३ हजार चौरस किलोमीटरांचा पट्टा मोजला गेला, जिथे खोल पाण्यात मासळीला श्वास पुरत नव्हता. शिवाय खताच्या थोड्या भागाचा नायट्रस ऑक्साइड होऊन तो हवेत जातो. तो हवा तापवतो आणि वर जाऊन ओझोनही खातो. एका पोत्याने चार मर्यादांना धक्का लागतो, तो असा.

आणि आपल्या देशातील गिधाडे? लहानपणी गावकुसाबाहेर मेलेल्या गुराभोवती त्यांचा थवा बसलेला आपण पाहिलेला आहे. तो पक्षी कोणाला आवडला नाही; त्याच्यावर कोणी ओवी रचल्याचे माझ्या तरी कानावर नाही. १९९० नंतरच्या वर्षांत ती झपाट्याने नाहीशी झाली. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांत १९९२ ते २००७ या काळात हजारामागे जेमतेम एक उरले. कारण सापडायला २००४ साल उजाडले. दुखणाईत गुरांना डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक औषध देत. अशा गुराचे मांस खाल्लेल्या गिधाडाचे मूत्रपिंड निकामी होई. औषध गुराला गुणकारी, देणाऱ्याचा हेतू चांगला. पण मेलेल्या गुराचे मांस पुढे कोणाच्या पोटात जाते हे कोणी पाहिले नव्हते. मढी उघड्यावर सडू लागली, कुत्री वाढली आणि त्यांच्यामागून पिसाळ रोगाचे भय वाढले. मुंबईच्या मलबार टेकडीवरील पारशी बांधवांच्या डुंगरवाडीत तर गिधाडांअभावी सूर्यकिरण एकवटणारी उपकरणे बसवण्याची पाळी आली. २०२४ साली दोन अर्थशास्त्रज्ञांनी हिशेब केला, तेव्हा गिधाडे नाहीशी झाल्यामुळे २००० ते २००५ या काळात सुमारे ५ लाख जादा माणसे दगावली असावीत, असा अंदाज निघाला. जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर २००६ साली आपल्याकडे बंदी आली, आणि त्याच्या जागी गिधाडांना न बाधणारे मेलॉक्सिकॅम उपलब्ध आहे. पण गेलेले गिधाड औषधाच्या बाटलीइतक्या लवकर बदलून मिळत नाही. ते वर्षाला एकच अंडे घालते.

इतके ऐकून तुम्ही म्हणाल, बाई, वर्धापनदिनाला हे कसले रडगाणे! म्हणून आता अशा दोन गोष्टी सांगते, जिथे माणसांनी मर्यादा ओळखली आणि पाळली.

पहिली जगाची. थंडपेट्यांत आणि फवाऱ्याच्या डब्यांत क्लोरोफ्लुरोकार्बन नावाची रसायने वापरत. ती ओझोनचा थर खातील, असा इशारा मोलिना आणि रोलंड या दोन शास्त्रज्ञांनी १९७४ साली दिला. ओझोन गेला की सूर्याचे घातक किरण थेट पोचतात आणि कातडीचा कर्करोग, डोळ्यांत मोतीबिंदू, पिकांची हानी हे सारे ओढवते. १९८५ साली दक्षिण ध्रुवाजवळच्या ब्रिटिश ठाण्यावरून खबर आली की, तिथल्या आकाशात वसंत ऋतूत ओझोनचा थर खरोखरच विरळ होतो आहे. दोनच वर्षांनी, १६ सप्टेंबर १९८७ रोजी, मॉन्ट्रियल येथे करार झाला. पुढे जगातील सर्व राष्ट्रांनी त्याला मान्यता दिली. आपला देश १९९२ साली त्यात सामील झाला. गरीब देशांना दहा वर्षांची जादा सवलत मिळाली, आणि त्यांच्या खर्चासाठी श्रीमंत देशांनी निधी उभारला. आता तो थर भरून येत आहे. जगाच्या बहुतेक भागांत २०४० च्या सुमारास आणि दक्षिण ध्रुवावर २०६६ च्या सुमारास तो १९८० सारखा होईल, अशी शास्त्रज्ञांची अपेक्षा आहे. इथेही गुंतागुंत सुटली नाहीच. जुन्या रसायनांच्या जागी जी नवी आली, ती ओझोनला निरुपद्रवी पण हवा तापवणारी निघाली. म्हणून २०१६ साली किगाली येथे पुन्हा बसून तीही कमी करण्याचे ठरले.

दुसरी गोष्ट आपल्या घरची. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार हे कमी पावसाचे गाव. १९७२ नंतर महाराष्ट्रात गावोगाव बोअरचे यंत्र फिरू लागले. परंतु आपला बराचसा मुलूख काळ्या कातळाचा. त्याच्या भेगांत आणि वरच्या मुरमात राहील तेवढेच पाणी. कातळाला जेवढी भोके पाडावीत तेवढे पाणी वाढत नाही. एकाच माठाला नळ्या मात्र जास्त लागतात. हिवरे बाजारने १९९० च्या सुमारास पोपटराव पवार सरपंच झाल्यावर श्रमदानाने बांध घातले, चर खणले, आणि त्यासोबत बंधने घालून घेतली : मोकाट चराई बंद, कुऱ्हाड बंद, शेतीसाठी बोअर बंद. दरवर्षी पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद मांडायचा, पिण्याचे पाणी आधी बाजूला काढायचे, आणि उरलेल्यावर कोणते पीक घ्यायचे ते ग्रामसभेने ठरवायचे. पाणी कमी पडले तर पिके त्या मानाने. बांध तर पुष्कळ गावांनी घातले. पण पाणी आल्यावर ते किती वापरायचे हे या गावाने ठरवले. मला त्याचे मोल अधिक वाटते.

या दोन्ही गोष्टींत एक धडा आहे. मॉन्ट्रियल असो की हिवरे बाजार, मर्यादा कोणा एकाने मन मारून पाळली म्हणून काम झाले नाही. सर्वांनी बसून मोजले, सर्वांना लागू असा नियम केला, आणि ज्याला झेपत नव्हते त्याला हात दिला. एकट्या शेतकऱ्याने आपली बोअर बंद ठेवली असती, तर त्याचे पाणी शेजाऱ्याने उपसले असते, आणि वर त्यालाच वेडा म्हटले असते.

म्हणून एका गोष्टीबद्दल मला स्पष्ट बोलायचे आहे. पर्यावरणाची गोष्ट निघाली की पुष्कळदा सारा उपदेश गृहिणीला होतो. तू नळ बंद कर, तू कापडी पिशवी ने, तू भाजीचे पाणी झाडाला घाल. हे आपण करतोच; आपल्या आज्या तर कोणी न सांगता करत होत्या. पुढेही करू. पण ज्या बाईने जन्मभर दोन हंड्यांत घर चालवले, तिला काटकसर शिकवायची आणि तिच्या विहिरीशेजारी चारशे फूट बोअर खणणाऱ्याला कोणी विचारायचे नाही, हा कुठला न्याय? देशादेशांतही तेच आहे. कार्बन डायऑक्साइडचा हिशेब केला तर भारतात माणशी वर्षाला सुमारे २ टन पडतात आणि अमेरिकेत सुमारे १४. मर्यादा सर्वांना हवी. पण ज्याचे ताट शिगोशीग भरलेले आहे त्याने आधी हात आवरायला हवा.

मंडळाने काय करावे? माझी सूचना लहान आहे. येत्या पावसाळ्याच्या अखेरीस आपण आपल्या भागातल्या पाण्याचा ताळेबंद मागू. पाऊस किती झाला, विहिरींची पातळी गेल्या वर्षीपेक्षा वर आहे की खाली, आणि किती बोअर नव्याने झाल्या. पावसाचे आणि विहिरींच्या पातळीचे आकडे सरकारी खात्यांकडे असतात. विचारणारे कोणी लागते. ते आकडे आपल्या फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहू, आणि ग्रामसभा असो की नगरपालिका, तिथे चार-चौघी जाऊन विचारू की यावर तुमचे म्हणणे काय. भिशीचा हिशेब पै-पैपर्यंत जुळवणाऱ्या बायकांना हे अवघड नाही.

वर्षानुवर्षे मर्यादा सांभाळण्याचे काम आपल्याकडे दिले गेले. ती ठरवण्याच्या बैठकीला मात्र आपल्याला बोलावले नाही. पृथ्वीच्या मर्यादांच्या बाबतीत तरी आपण बोलावण्याची वाट पाहू नये, एवढी विनंती आहे.